प्राचीन इस्राएली लोकांचा परकीयांशी सोयरिकीला विरोध का होता: वंशासाठी की धर्मासाठी?

प्राचीन इस्राएली लोकांनी परकीयांशी लग्नसंबंधांना विरोध केला तो वंशाभिमानापोटी की धर्म टिकवण्यासाठी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मूळ कारण धर्माचेच होते; वंशाचा मुद्दा पुढे, एका मोठ्या संकटानंतर, त्याला येऊन चिकटला.

बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात त्या देशात आधीपासून राहणाऱ्या कनानी लोकांशी सोयरीक करू नका असे सांगताना कारणही दिले आहे: ते तुमच्या मुलांना दुसऱ्या देवांच्या भजनी लावतील. राजा शलमोनावरचा ठपकाही मुख्यतः हाच, की परदेशी राण्यांच्या दैवतांसाठी त्याने उपासनास्थाने उभारली. उलट इस्राएलांचा पुढारी मोशे याची बायको सिप्पोरा परक्या मिद्यानी लोकांतली होती. शेजारच्या मवाबी लोकांना इस्राएलाच्या मंडळीत प्रवेश नाही असा नियम असतानाही राजा दावीदाची पणजी रूथ मवाबी होती, आणि सासूचा देव तो आपला देव असे म्हटल्यावर ती इस्राएलाचीच झाली.

इ. स. पू. 586 मध्ये बाबेलच्या सैन्यापुढे यरुशलेम पडले, मंदिर जळाले, राजा गेला. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक पर्शियन (इराणी) साम्राज्याच्या एका लहानशा प्रांतात राहत होते. राज्य नसलेल्या समाजाजवळ शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिवस), सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि घर एवढेच उरते. (आपल्या कोकणातले बेने इस्राएली यहुदी तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, शतकानुशतके त्यांची ओळख अशाच आचारांवर टिकली.) त्यामुळे घरात कोण येते याला एकाएकी फार महत्त्व आले. परतलेल्यांचा याजक व शास्त्री एज्रा याच्या ग्रंथात ‘पवित्र बीज’ मिसळल्याची तक्रार येते ती इथेच, आणि देवाचा प्रश्न रक्ताचा होऊन बसतो.

त्या ग्रंथातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. नवव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी सगळे पुरुष मंदिरासमोरच्या चौकात बसले आहेत, भीतीने आणि कोसळणाऱ्या पावसाने कापत आहेत, आणि परक्या बायकांना सोडण्याचा निर्णय होतो. पुढे शंभराहून अधिक पुरुषांची नावे नोंदली आहेत. त्या बायकांपैकी एकीचेही नाव नाही.

त्याच काळातला यरुशलेमचा अधिकारी नहेम्या याची काळजी मला अधिक समजते. अश्दोदी, अम्मोनी आणि मवाबी अशा शेजारच्या लोकांतल्या बायका केलेल्यांची निम्मी मुले अश्दोदची भाषा बोलत, त्यांना यहुदी भाषा येत नसे. ज्या लोकांचा धर्म नियमशास्त्र वाचून आणि ऐकूनच पुढच्या पिढीकडे जायचा, त्यांना याची धास्ती वाटणे स्वाभाविक होते. शिवाय महायाजकाचा एक नातू शेजारच्या शोमरोन प्रांताचा अधिकारी सन्बल्लट याचा जावई होता, म्हणजे सोयरिकीतून सत्ताही हलत होती. तरीही नहेम्याने त्या बापांना मारले, त्यांचे केस उपटले, हे मला पटत नाही.

सगळेच यहुदी असे वागत होते असे मात्र नाही. इजिप्तमधल्या एलिफंटाइन बेटावरच्या यहुदी वस्तीची कागदपत्रे सापडली आहेत. तिथल्या याहूच्या (इस्राएलाच्या देवाच्या) मंदिराचा सेवक अनन्या याने इ. स. पू. 449 मध्ये तामेत नावाच्या इजिप्शियन दासीशी रीतसर करार करून लग्न केले. त्यांच्या मुलीचे नाव यहोयिश्मा; त्या इजिप्शियन आईच्या लेकीच्या नावात याहूचेच नाव आहे.