जीओ (ग्राफीन ऑक्साइड) लावल्यावर फेरीसायनाइडचा पीक पडला, आता काय?

तुझं म्हणणं असं की डोपामिन मोजायला ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर ग्राफीन ऑक्साइड लावलं आणि चाचणीला घेतलेल्या फेरीसायनाइडचा करंटचा पीक वाढायचा सोडून निम्म्यावर आला, तर आता मटेरियल टाकून द्यायचं का. अजिबात टाकू नकोस, तुझं जीओ जसं वागायला हवं तसंच वागतंय.

हमर्सच्या पद्धतीने (ग्रॅफाइट अ‍ॅसिड आणि परमँगनेटने ऑक्सिडाइझ करून) केलेल्या जीओवर ऑक्सिजनचे गट भरपूर असतात, त्यामुळे एक तर करंट नीट वाहत नाही आणि दुसरं म्हणजे बफरमध्ये कार्बॉक्सिलमुळे त्यावर निगेटिव्ह चार्ज येतो. फेरीसायनाइड पण निगेटिव्ह, मग ते जवळ येईलच कशाला? याउलट तुझं डोपामिन पीएच ७.४ ला पॉझिटिव्ह असतं, म्हणजे फेरीसायनाइड पडलं म्हणून डोपामिन पण पडेल असं नाही. लॅबमध्ये रुथेनियम हेक्साअमाइन (हे पॉझिटिव्ह असतं) असेल तर त्याचा सीव्ही, म्हणजे व्होल्टेज मागे-पुढे फिरवून करंटचा आलेख, घे. त्याचा पीक नीट आला तर चार्जचा खेळ आहे, दोन्ही पडले तर थर जाड झालाय किंवा करंटच जात नाहीये.

आता ते जीओ रिड्यूस कर, म्हणजे त्यावरचा ऑक्सिजन काढ. फॉस्फेट बफरमध्ये नायट्रोजन सोड, ० ते −१.५ व्होल्ट (एजी-एजीसीएल रेफरन्स इलेक्ट्रोड धरून) काही सायकल चालव. पहिल्या सायकलला साधारण −१ च्या आसपास मोठा रिडक्शन पीक दिसतो आणि पुढच्या सायकलला तो जवळजवळ गायब होतो, कारण निघालेला ऑक्सिजन परत येत नाही, तपकिरी थर पण काळा पडतो. हे दिसलं की फेरीसायनाइड परत घे, सुधारलेलं असेल.

पण या सगळ्याच्या आधी बेअर, म्हणजे काहीही न लावलेला इलेक्ट्रोड, यावर मी कायम अडून बसतो. ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉन अ‍ॅल्युमिना, ओल्या पॅडवर इंग्रजी आठच्या आकारात घास, थोडंच सोनिकेट कर (अल्ट्रासाउंडने धू). फेरीसायनाइडच्या दोन पीकमधलं अंतर ६०-८० मिलीव्होल्ट आलं तर पुढे जा, १५० येत असेल तर त्यावर काहीही लावू नकोस, कारण मग सुधारणा कोटिंगची की घाणीची हे कळणारच नाही.

जीओचा थेंब ५ मायक्रोलिटर पुरे, ३ मिमीच्या इलेक्ट्रोडला. पुण्यात मे महिन्यात तो इतका पटकन सुकतो की सगळं मटेरियल कडेला गोळा होऊन रिंग बनते, म्हणून वर बीकर उपडा घाल. जुलैत उलट, वरून सुकल्यासारखा दिसतो आणि बफरमध्ये घातला की पापुद्रा सुटतो, तेव्हा रात्रभर डेसिकेटरमध्ये ठेव.

आणि नुसता करंट वाढला म्हणून खूश होऊ नकोस, ग्राफीनने कपॅसिटन्स (नुसता चार्ज साठवणं) पण वाढतो, डोपामिन न घालता तोच स्कॅन घेऊन बघ. खरा फायदा अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचा पीक वेगळा होतो यात आहे, बेअरवर ते आणि डोपामिन एकमेकांवर चढतात आणि शरीरात अ‍ॅस्कॉर्बिक कितीतरी पट जास्त असतं. डोपामिन रोज ताजं कर, बफरमध्ये ठेवलं की रंग बदलतो, म्हणजे ते ऑक्सिडाइझ झालं. परमँगनेटचं मँगनीज पण डायल्यूट एचसीएलने नीट धुतलंयस ना? उरलं तर कॅटॅलिसिस तेच करतं आणि श्रेय ग्राफीनला जातं. रामन स्पेक्ट्रमला घाई करू नकोस, रिड्यूस झाल्यावर त्यातला डी-जी रेशो (डी आणि जी या दोन पीकचं प्रमाण) वाढला तरी घाबरायचं कारण नाही, तसा तो बऱ्याचदा वाढतोच.

बेअर, जीओ आणि रिड्यूस्ड असे तिन्ही सीव्ही एकाच ग्राफवर टाक इथे, स्कॅन रेट आणि रेफरन्स लिहून, म्हणजे पुढचं बघता येईल.