रेडिओवरचं ते गाणं काढून टाका

गाडीत राहणाऱ्या बाईवरची तुमची शॉर्टफिल्म, तिच्या रेडिओवर वाजणारं जुनं सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचा संगीतप्रकार) गाणं आणि गाण्याचे हक्क देणाऱ्या कार्यालयाचं "अर्ज विचाराधीन आहे" हे उत्तर... धागा वाचला आणि राहवलं नाही. अमेरिकेत शिकताना मीही त्याच दारात ताटकळलोय. परवानगीशिवाय फेस्टिव्हलला पाठवू का, असं विचारलंय. माझं मत : अजिबात नको. (मी वकील नाही. तुमच्या कॉलेजात कायदेशीर सल्ला मिळत असेल तर तोच अंतिम धरा.)

रचनेचे (शब्द आणि चाल यांचे) हक्क वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मला पहिले सहज मिळाले. दुसऱ्या कार्यालयाने, नाव घेत नाही, फॉर्म पुन्हा भरायला लावला, मग तिथला माणूस बदलला म्हणून सगळं पहिल्यापासून. शेवटी परवानगी दिली ती फक्त फेस्टिव्हलपुरती, तीही मुदतीची. मुदत संपली आणि फिल्म हार्ड डिस्कवर पडली. ज्या कुटुंबाने आठवड्याच्या भाड्याने घेतलेल्या मोटेलच्या खोलीत आम्हाला शूट करू दिलं, त्यांच्या गावच्या वाचनालयातसुद्धा ती दाखवता आली नाही. याचा संताप अजून उतरलेला नाही. विद्यार्थ्याची फिल्म आहे, तिकीट नाही, हे किती वेळा लिहावं माणसाने?

अमेरिकी दिग्दर्शक चार्ल्स बर्नेटचंही हेच झालं. 'किलर ऑफ शीप' त्याने लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत १०,००० डॉलरच्या आत केली, १९७७ मध्ये. गाण्यांचे हक्क नसल्याने ती थिएटरात रीतसर लागली २००७ साली, आणि हक्कांवर गेले सुमारे दीड लाख डॉलर! एक गाणं तेव्हाही सुटलं नाही, त्याजागी दुसरं घालावं लागलं.

पण गरिबी कशी दाखवायची, ते त्यातल्या इंजिनाच्या प्रसंगात बघा. कत्तलखान्यात राबणारा स्टॅन आणि त्याचा मित्र जुनं इंजिन विकत घेतात, धापा टाकत जिन्यावरून उतरवतात आणि ट्रकच्या अगदी कडेला टेकवतात. ट्रक हलतो, इंजिन रस्त्यावर पडून फुटतं. दोघं बघतात आणि ते तिथेच टाकून निघून जातात. घामाचे पैसे गेले, एवढंच. भिंतीचे पोपडे आणि रडकी व्हायोलिनं दाखवून हे साधत नाही.

दिग्दर्शिका केली रायकार्टच्या 'वेंडी अँड लूसी'त (२००८) गाडीत झोपणारी, पैशाला महाग झालेली वेंडी वहीत खर्चाचा हिशेब लिहिते. म्हातारा सुरक्षारक्षक त्याच्या गाडीत बसलेल्या बाईच्या नजरेआड वेंडीच्या हातात पैसे कोंबतो. कॅमेरा त्या नोटांवर जातो आणि कळतं, किती थोडे आहेत ते. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, नुसती एक गुणगुण, तीही गायक विल ओल्डहॅमने या चित्रपटासाठी केलेली.

तुम्हीही तेच करा. नटीला चार ओळी गुणगुणू द्या. चाल ओळखीच्या कुणाकडून बांधून घ्या आणि मैत्री कितीही असो, कागदावर सही घ्या, सर्व माध्यमांसाठी, कायमची. आणि पेट्रोल पंपावर ती किती डॉलरचं भरते तो आकडा पडद्यावर दिसू द्या. कराराचा माझा मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, पाठवतो.