शिवणकट्टा: ३८ ला ४ ने भागलं, तरी टॉप का बसत नाही?

प्रश्न: ताई, नमस्कार. सहा महिने झाले, घरीच ड्राफ्टिंग, म्हणजे मापावरून कागदावर कापणीचा आराखडा काढायला, शिकतेय. छाती ३८ इंच, त्याला ४ ने भागून साडेनऊ, वर अर्धा इंच लूजिंग (सैलपणासाठी जादा माप), सगळं सूत्राप्रमाणेच करते. आतापर्यंत तीन टॉप शिवले आणि तिघांची तीच गत, गळा समोर उघडा राहतो, मुंढ्यापासून (बाही जोडतो त्या गोलापासून) छातीकडे तिरक्या चुण्या पडतात आणि हात वर केला की अख्खा टॉप वर चढतो. मुंढा खोल करून पाहिला तर जास्तच बिघडलं. आता वाटतंय हे सगळं सोडून रेडिमेड कागदी पॅटर्न आणावा. काय करू?

उत्तर: सोडू नका हो, खरंच सोडू नका! तुमचं गणित बरोबर आहे, फक्त एकाच मापावर सगळा भार टाकलाय. सूत्र असं धरून चालतं की छाती मोठी म्हणजे खांदा, गळा, मुंढा सगळंच त्या प्रमाणात मोठं. आता एक करा, टेप काखेतून घेऊन छातीच्या वरच्या भागावरून, भरीव भागाच्या वर, गोल फिरवा. समजा ते माप ३५ आलं. म्हणजे तुमची हाडं, खांदे, मान ३५ वाल्या बाईची आहेत आणि तुम्ही मात्र ३८ चा गळा आणि ३८ चा खांदा काढताय, मग गळा उघडा राहणारच ना.

म्हणून वरचा भाग, गळा खांदा मुंढा, ३५ वर काढा. आणि ३८ ला सरळ ४ ने भागू नका. बाजूच्या शिवणीपासून बाजूच्या शिवणीपर्यंत पुढचं आणि मागचं माप वेगवेगळं घ्या. पाठ १७ आणि पुढचा भाग २१ आला तर पाठीचा अर्धा साडेआठ, पुढचा अर्धा साडेदहा, त्यात प्रत्येकी अर्धा इंच लूजिंग. लूजिंग सोडून बेरीज तीच ३८, पण कापड जिथं पाहिजे तिथं गेलं, आणि तुमच्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ मला तरी इथंच दिसतंय.

तिरक्या चुण्या म्हणजे कापड बोट दाखवून सांगतंय की इथं टक्स, म्हणजे टोकाकडे निमुळती होत जाणारी शिवलेली घडी, हवा. खांद्यापासून छातीच्या उंचवट्यावरून कंबरेपर्यंत टेप धरली की पुढची लांबी मिळते, तीच धरून पुढचा भाग काढला की त्याची बाजूची शिवण पाठीपेक्षा लांब येते. जेवढी लांब आली तेवढा बाजूचा टक्स, आणि टक्स मिटल्यावर दोन्ही शिवणी बरोबर जुळल्या पाहिजेत. टक्सचं टोक उंचवट्याच्या मध्यावर नेऊ नका, साधारण एक इंच अलीकडे थांबवा, नाहीतर तिथं टोकदार फुगा दिसतो. अजून एक बारीक गोष्ट, कागदावर आधी टक्स घडी घालून मिटवा आणि मग बाजूची रेघ कापा, तरच टक्सच्या तोंडाला ती छोटी चोच येते आणि शिवताना कड बरोबर शिवणीत बसते.

आता मुंढा. ही गोष्ट सगळ्यांना उलटी वाटते, मलाही वाटायची, पण मुंढा खोल केला की हात मोकळा होत नाही, अडकतो. बाही जिथं जोडली ती जागा काखेपासून जितकी खाली, तितकं हात वर करताना बाजूचं कापड ओढलं जातं. मुंढा काखेखाली पाऊण-एक इंचावर आणा, त्याच हिशोबाने बाहीही नव्याने काढा. मुंढ्याचा गोल टेप उभी धरून मोजा (आडवी धरली की वळणावर माप चुकतं) आणि बाहीचा वरचा गोल त्याच्यापेक्षा इंचभर जास्त ठेवा.

हे सगळं चांगल्या कापडावर नाही हं! आधी मांजरपाटावर ट्रायल. मोठे टाके, एक इंच मार्जिन, आणि कापडावर छातीची आडवी रेघ पेनने काढून ठेवा. घालून आरशात बघा, रेघ जिथं वर चढली तिथं लांबी कमी पडतेय. गळा अजूनही सुटत असेल तर तिथंच चिमटा घेऊन टाचणी लावा, समजा पाव इंच निघालं, तर कागदावर गळ्यापासून छातीच्या उंचवट्याच्या मध्यापर्यंत कापा, तेवढं मिटवा, ते आपोआप बाजूच्या टक्समध्ये उघडतं. दुरुस्ती नेहमी कागदावर उतरवा, नुसत्या कापडावर केली तर पुढच्या टॉपला परत तोच त्रास.

रेडिमेड पॅटर्नचं म्हणाल तर एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये अमेरिकेत वेगवेगळ्या साइझचे कागदी पॅटर्न आणले, तेव्हापासून हिशोब साधारण तोच, एक शरीर धरायचं आणि तेच लहानमोठं करायचं. आजही बरेचसे पॅटर्न वरची छाती आणि पूर्ण छाती यात दोन इंचांचा फरक धरतात. वरचं माप ३५ निघालं तर तुमचा फरक तीन, म्हणजे तो आणलात तरी हीच दुरुस्ती करावी लागेल, मग स्वतःचाच ड्राफ्ट का नको?

प्रश्न: याच ड्राफ्टवर स्ट्रेच कापडाचा टीशर्ट कापला तर चालेल का?

उत्तर: नाही. स्ट्रेचला बहुतेक वेळा लूजिंग लागत नाही, उलट अंगाला घट्ट बसणारा हवा असेल तर अंगापेक्षा कमी माप घ्यावं लागतं आणि टक्सही बहुतेक वेळा लागत नाही. त्याचा ड्राफ्ट वेगळाच ठेवा.

प्रश्न: मूळ ड्राफ्टला शिलाईचं मार्जिन धरावं का?

उत्तर: मी धरत नाही. गळा बदला, टक्स फिरवा, सगळं मार्जिनशिवाय सोपं जातं, कारण रेघ म्हणजे शिवणच. मार्जिन कापताना कापडावर द्या. जाड कागदावर ड्राफ्ट काढून उभ्या धाग्याची रेघ, तारीख आणि त्या दिवशीची मापं लिहून ठेवा, अंग बदललं की लगेच कळतं कुठं हात लावायचा.