मणक्यात इंजेक्शन डॉक्टर देतात, मग नर्सचं काम काय?

आईच्या सायटिकासाठी (कमरेतून पायात उतरणारी कळ) मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन ठरलंय आणि तिथे नर्स नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलंय. मी याच कामात आहे, म्हणून सांगते.

सुई डॉक्टर टोचतात, पण त्याआधीची चौकशी आमची. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पुष्कळ जण 'नाही' म्हणतात आणि पिशवीतून क्लोपिडोग्रेलची पट्टी निघते! मणक्याच्या आत रक्त साचलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून मी गोळ्यांची पिशवीच मागते. मात्र ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आईंना शुगर असेल तर तेही सांगा, स्टेरॉइडने ती काही दिवस वाढते.

आत पेशंटला पालथं झोपवून पोटाखाली उशी देतो, म्हणजे कमरेचा बाक कमी होतो. डॉक्टरांचं लक्ष सी-आर्मच्या, म्हणजे सुई कुठे आहे ते दाखवणाऱ्या एक्स-रे मशीनच्या, पडद्यावर असतं, माझं पेशंटच्या चेहऱ्यावर आणि मॉनिटरवर. घाम फुटला, नाडी मंदावली की लगेच सांगते.

नंतर उठायची घाई नको. इंजेक्शनसोबत दिलेल्या भुलीच्या औषधाने पाय काही वेळ जड पडू शकतो. मी आधी माझ्या तळहातावर पाऊल दाबायला लावते, जोर नीट लागला तरच उभं करते.

घरी गेल्यावर लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली किंवा ताप आला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.