मराठी की कन्नड ते मागनं बघू, आधी पोरीला भाषा द्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पोरगी तीन वर्षांची, बेरा टेस्टमध्ये (ऐकू येण्याची तपासणी) दोन्ही कानांना लॉस जास्त, घरात मराठी, बेळगावातली जी मूकबधिर शाळा बघितलीसा ती कन्नड माध्यमाची, म्हणून सासरे म्हणतात कोल्हापूरला मामाकडं ठेवा. माझा मुलगा आता 19 चा आहे, हेच सगळं आमच्या घरात झालंय म्हणून लिहितोय.

एवढ्या लहान पोरीला आईपासनं लांब ठेवू नका बघा. तुमच्या तोंडाकडं, हाताकडं बघूनच ती शिकणार. आमची दोन वर्षं फुकट गेली, एक डॉक्टर म्हणाले काही पोरं उशिरा बोलतात, आणि आम्हालाही पटलं कारण ताट पडलं की हा वळायचा की ओ, मागनं कळलं फरशीची धमक पायाला लागायची.

नुसतं ओठ वाचून भागतंय असं कोण सांगत असेल तर आरशासमोर आवाज न काढता पाय, बाय, माय म्हणा, तिन्ही सारखंच दिसतं. म्हणून कानाचं मशीन लावा, स्पीच थेरपी करा पण साइनसुद्धा (हातवाऱ्यांची भाषा) शिकवा, आणि घरातल्या सगळ्यांनी शिका. आयएसएलआरटीसी म्हणजे भारतीय साइन भाषेच्या सरकारी संस्थेची 10,000 शब्दांची व्हिडिओ डिक्शनरी फुकट आहे, जेवताना रोज दोन-तीन शब्द घ्या. आमच्या आईनं साठीत शिकून घेतलं, पहिला शब्द भात. आणि साइनला मराठी-कन्नड वाद नाही, आपल्या भागात तेवढी एकच भाषा असेल तसली!

शाळेत कन्नड लिहायला शिकली तर शिकू दे. तीन भाषांचं ओझं होईल ही भीती खरी आहे, पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 17 ला दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतनं सूट, परीक्षेला जादा वेळ, रायटर हे सगळं लिहिलंय. आपणहून कोण देत नाही, अर्ज द्या आणि पोच घ्या. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लगेच काढा, देशभर चालतं, उद्या खरंच कोल्हापूरला गेलासा तरी. कॉक्लियरचं (ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र) मनात असेल तर मैसूरच्या आयिशला, म्हणजे वाचा-श्रवणाच्या सरकारी संस्थेत, दाखवून या, त्यात उशीर नको.

आणि मशीन शिट्टी मारायला लागलं की बिघडलं म्हणून कपाटात टाकू नका, बहुतेक वेळा मोल्ड (कानात बसणारा साचा) सैल झालेला असतो, कान वाढतो तसा तो बदलायला लागतो. खानापूरचा पाऊस म्हणजे रात्री बॅटरी काढून मशीन सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) डबीत ठेवा, आमचं पहिलं मशीन ओलीनंच गेलं.