वेफर्स लाल का पडतात?

प्रश्न : मी घरगुती वेफर्स करून विकते. शीतगृहातल्या बटाट्याचे काप तळताना लालसर-काळे होतात, चवही कडवट लागते. जनुक बदललेल्या बटाट्यात हा त्रास नसतो म्हणे. खरं का? — एक वाचक, मंचर

उत्तर : ताई, खरं आहे. चार अंशांच्या आसपास ठेवलेल्या बटाट्यात ‘इन्व्हर्टेज’ हे विकर (एन्झाइम) साखरेचे तुकडे करून ग्लुकोज वाढवतं. कढईत त्या ग्लुकोजची अमिनो आम्लांशी गाठ पडली की काप करपट. अमेरिकेत सिम्प्लॉट कंपनीने ‘इनेट’ या जनुक बदललेल्या बटाट्याच्या दुसऱ्या पिढीत नेमकं याच विकराचं जनुक मंद केलं, शिवाय करपा रोगाला तोंड देणारं जनुक रानटी बटाट्यातून घातलं. हुशारीचं काम! पण भारतात अशा जीएम (जनुक बदललेल्या) बटाट्याच्या लागवडीला परवानगी नाही, त्याची वाट पाहत बसू नका. आपल्या संशोधकांनी राजगिऱ्याचं जनुक घालून जादा प्रथिनांचा बटाटा केला, तोही शेतात आला नाही.

तुम्ही ‘कुफरी चिपसोना’ हे वेफर्सचं वाण मागा, तोही १०-१२ अंशांवर साठवलेला. थंड माल गळ्यात पडलाच, तर पोती उघडून आठ-पंधरा दिवस सावलीत, उबदार जागी पसरा. साखर बरीच उतरते. घाण्याआधी एकच काप तळून रंग बघा.