ट्रेलरमधील लिथियम बॅटरी गाडीच्या अल्टरनेटरवरून थेट चार्ज करावी का?

ट्रेलरमध्ये 12 व्होल्टची, 200 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली आहे आणि गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावरून) जाड वायर ओढून, मध्ये केवळ रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) टाकून ती वाटेत चार्ज करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. चार्ज होईल, पण अशी जोडणी करू नका, कारण तिच्यात बॅटरीपेक्षा अल्टरनेटरला अधिक धोका असतो.

लेड-ॲसिड बॅटरी भरत जाते तसा तिचा करंट आपोआप उतरत जातो. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध मात्र इतका कमी असतो की ती जवळजवळ भरेपर्यंत वायरमधून येईल तेवढा करंट ओढत राहते. अल्टरनेटरवर 120 अँपिअर लिहिलेले असले तरी तो आकडा वेगाने फिरतानाचा असतो. गाडी जागच्या जागी घुरघुरत असताना त्याची क्षमता बरीच घटते आणि त्याचा पंखाही मंदावतो, म्हणजे वारा सर्वांत कमी असतो नेमका तेव्हाच तो सर्वाधिक तापतो. मी स्वतः असाच रिले लावून साताऱ्याकडे निघालो होतो. एप्रिलच्या उन्हात कात्रजपर्यंतच्या गर्दीत तासभर रखडलो आणि पुढे खंबाटकीच्या चढावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. अल्टरनेटर उघडला तेव्हा स्टेटरचे (आतल्या स्थिर भागाचे) तांब्याच्या तारांचे वाइंडिंग काळे पडले होते.

शिवाय तुमची गाडी बीएस-6 असेल, तर तिचा अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज मुद्दाम खाली आणणारा असू शकतो; तशा वेळी रिलेवरून बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे डीसी-डीसी चार्जर. तो ठरावीक करंटच घेतो आणि गाडीकडून 13 व्होल्ट येवोत वा त्याहून कमी, बॅटरीला हवे असलेले 14.2 ते 14.4 व्होल्ट देतो. तुम्हाला 30 अँपिअरचा पुरेल, कारण पुण्याहून कोल्हापूरपर्यंतच्या पाच तासांत तो सुमारे 150 अँपिअर-तास भरतो. चार्जर ट्रेलरमध्ये, बॅटरीजवळ बसवा आणि इग्निशनच्या संकेतावरच सुरू होईल असा जोडा, म्हणजे मुक्कामी गाडीची बॅटरी उतरणार नाही.

वायरवर मात्र काटकसर करू नका. 30 अँपिअर बाहेर देण्यासाठी चार्जर आत सुमारे 37 अँपिअर घेतो. जाऊन-येऊन 12 मीटर लांबीच्या 6 स्क्वेअरच्या (6 चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरीत त्यामुळे सव्वा व्होल्ट गळतो, तर 16 स्क्वेअरमध्ये साधारण अर्धा व्होल्टच. पुण्याच्या तपकीर गल्लीत केबल घेताना टोक कापून पाहा. तार आतून पांढरट दिसली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, ती घेऊ नका. ट्रेलरच्या दिव्यांच्या सात पिनांच्या प्लगमधून हा करंट नेऊ नये, त्यासाठी 50 अँपिअरचा वेगळा अँडरसन कनेक्टर (जास्त करंटसाठीचा प्लग) लावावा. 50 अँपिअरचा एक फ्यूज गाडीच्या बॅटरीलगत आणि चार्जरच्या पुस्तिकेत सांगितलेला दुसरा ट्रेलरच्या बॅटरीलगत बसवा. एकच बसवला, तर मधली वायर घासून उघडी पडल्यावर एका बाजूने तरी आग लागू शकते.

जोडणी झाल्यावर वीस मिनिटे गाडी चालवा, थांबा आणि प्रत्येक लगजवळ (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीजवळ) हात नेऊन पाहा. जो लग इतरांपेक्षा गरम असेल, तो कापून नवा लग दाबून घट्ट बसवा (क्रिंप करा) आणि मगच लांबच्या प्रवासाला निघा.